पासंग कोण पाहणार?

मागच्या वर्षीची गोष्ट. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आठवीच्या चार मुलींनी ‘आमच्या गावचे पाणी’ हा प्रकल्प मांडला होता. गावातला हातपंप, जुनी आडाची विहीर आणि नळ अशा तीन ठिकाणचे नमुने त्यांनी सलग पंधरा दिवस तपासले होते. तक्ते नीटनेटके होते, आलेख स्वच्छ होते, विचारलेल्या प्रश्नांना मुली न अडखळता उत्तरे देत होत्या. हातपंपाच्या पाण्याचा सामू, म्हणजे ज्याला आपण सर्रास पीएच म्हणतो, तो सरासरी ८.९ भरला होता. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ६.५ ते ८.५. म्हणून निष्कर्ष असा, की हातपंपाचे पाणी पिण्यास अयोग्य. विहिरीच्या पाण्याचा सामू ८.३ होता, म्हणून विहीर योग्य. प्रकल्पाला दुसरा क्रमांक मिळाला. तो देणाऱ्या तीन परीक्षकांपैकी मी एक होतो.

पुढे महिनाभराने त्या शाळेतले सामू-पेन मी माझ्या वर्गासाठी दोन दिवस मागून आणले. आमच्याकडे नुकत्याच बफर द्रावणाच्या पुड्या आल्या होत्या. सवयीने ते पेन आधी बफरमध्ये बुडवले. ६.८६ सामूच्या द्रावणात पेन ८.३ दाखवू लागले. ४.०१ च्या द्रावणात ५.४ आणि ९.१८ च्या द्रावणात १०.६. सगळीकडे सारखीच १.४ ची भर. म्हणजे मुलींच्या हातपंपाचा खरा सामू ७.५ च्या आसपास होता, अगदी निर्दोष. विहिरीचा ६.९. तोही निर्दोष, पण ती विहीर उघडी, गोठ्यालगतची आणि टीसीएल पावडर वेळच्या वेळी न पडणारी. मुलींनी आपला निष्कर्ष शाळेच्या फलकावर लिहिला होता आणि तो वाचून काही घरांनी हातपंप सोडून विहिरीचे पाणी भरायला सुरुवात केली होती.

सुदैवाने कोणी आजारी पडले नाही. पण हा सुदैवाचा भाग झाला. विज्ञानाच्या प्रकल्पाने काही घरांना बऱ्या पाण्याकडून जास्त धोक्याच्या पाण्याकडे नेले, आणि आम्ही त्याला बक्षीस दिले, एवढे मात्र खरे.

चूक कुठे झाली? मुलींची नव्हती. त्यांनी वाचन प्रामाणिकपणे नोंदवले होते. पेनही धडधाकट होते. चौकशी केल्यावर उलगडा झाला. पेनाच्या पाठीवर एक बारीक स्क्रू असतो. शाळेत बफर नव्हते. ‘ऊर्ध्वपातित पाणी उदासीन असते, त्याचा सामू ७’ हे पाठ्यपुस्तकातले वाक्य सरांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी पेन ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवले आणि आकडा ७.० येईपर्यंत स्क्रू फिरवला. आता हे वाक्य खरे आहे ते हवेशी संबंध नसलेल्या पाण्याबाबत. उघड्या पेल्यातले ऊर्ध्वपातित पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्याचे सौम्य कार्बोनिक आम्ल बनते आणि सामू ५.६ पर्यंत उतरतो. ५.६ ला ७.० म्हणायला लावले, की १.४ ची चूक प्रत्येक वाचनाला चिकटलीच. शिवाय इतक्या शुद्ध पाण्यात आयन इतके कमी असतात, की पेनाचा आकडा स्थिरही राहत नाही. प्रमाण म्हणून निवडायला याहून वाईट द्रव शोधून सापडणार नाही.

सरांना दोष देण्याआधी मी त्या पेनाच्या डबीतले माहितीपत्रक वाचले. मग आमच्या आणि शेजारच्या शाळांतली आणखी तीन पेने मिळवून त्यांची पत्रकेही वाचली. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या पत्रकांचे परीक्षण करणे हाच या लेखाचा हेतू आहे. हे विचित्र वाटेल. पण शाळेत विज्ञानाच्या कितीतरी पुस्तकांपेक्षा या घडीच्या कागदावर जास्त विश्वास टाकला जातो, आणि त्याची झडती मात्र कोणी घेत नाही.

आधी गुणांविषयी

या पेनांनी एक मोठी गोष्ट केली आहे यात शंका नाही. काचेच्या पातळ पडद्यावर आम्लतेनुसार विद्युतदाब निर्माण होतो हे माक्स क्रेमर यांनी १९०६ मध्ये दाखवले. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सॉरेन्सन यांनी सामूची मोजपट्टी मांडली आणि त्याच वर्षी हाबर व क्लेमेन्सिविच यांनी काचेचा इलेक्ट्रोड अभ्यासला. १९३४ मध्ये अमेरिकेत अर्नोल्ड बेकमन यांनी लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी इलेक्ट्रॉनिक उपकरण बनवले. ते टेबलावर ठेवायचे पेटीएवढे यंत्र होते. आज तेच तत्त्व खिशात मावते आणि शाळेला परवडते. लिटमसच्या कागदावर ‘निळसर की जांभळट’ असा वाद घालणाऱ्या वर्गाला आकडा मिळाला, हे चांगलेच झाले. माझी तक्रार आकडा मिळाल्याबद्दल नाही. तो आकडा कशाच्या जोरावर उभा आहे हे कोणी सांगत नाही, याबद्दल आहे.

पहिला दोष: अचूकतेविषयीची मोघम भाषा

एका टीडीएस-पेनाच्या पत्रकात लिहिले आहे, ‘अचूकता: अधिक-उणे २ टक्के’. वाचणारा समजतो, की ३५० आकडा आला तर चूक फार तर ७ ची. पण त्याच ओळीत पुढे दोन आद्याक्षरे आहेत आणि त्यांचा अर्थ ‘पूर्ण पट्टीच्या’ असा होतो. पेनाची पट्टी ० ते ९९९०. तिचे २ टक्के म्हणजे सुमारे २००. म्हणजे ३५० दाखवणाऱ्या पेनाने, पत्रकातल्या हमीला अजिबात न मोडता, १५० किंवा ५५० चे पाणी मोजलेले असू शकते! प्रत्यक्षात पेन बहुधा याहून बरे वागते; पण हमी आहे ती एवढीच.

इथे मुलांना शिकवण्यासारखा एक सुंदर भेद आहे. पडद्यावर किती बारीक फरक दिसतो ते विभेदन, आणि दिसलेला आकडा खऱ्याच्या किती जवळ आहे ती अचूकता. सोनाराच्या काट्याला गुंजेचा फरक कळतो. पण काटाच वाकडा असेल तर ती बारकाई फुकट. पत्रकात विभेदन ठळक अक्षरात असते आणि अचूकता तळटीपेत.

दुसरा दोष: एका बिंदूवर भागवणे

प्रमाणीकरण, म्हणजे कॅलिब्रेशन, याविषयी चारही पत्रकांत मिळून सात वाक्ये भरली. त्यांतले एक आहे, ‘गरजेनुसार प्रमाणीकरण करावे’. गरज पडली हे कसे ओळखायचे? प्रमाण द्रावणात बुडवल्याशिवाय ते कळत नाही. हा सल्ला ‘ताप आल्यास ताप मोजावा’ अशा धाटणीचा आहे.

इथे जरा आत शिरायला हवे. काचेच्या इलेक्ट्रोडवर निर्माण होणारा दाब सामूच्या प्रत्येक एककामागे २५ अंश सेल्सिअसला ५९.१६ मिलिव्होल्टने बदलतो. हा झाला उतार. आणि सामू ७ ला हा दाब शून्याच्या आसपास असतो. तो नेमका शून्य नसला तर झाली शून्याची सरकण. पेनामधले यंत्र दाब मोजते आणि या दोन गोष्टी गृहीत धरून त्याचा सामू करते. इलेक्ट्रोड जुना झाला, वाळला किंवा माखला, की दोन्ही गृहीतके हलतात.

किराणा दुकानातला जुना तराजू आठवा. रिकामी पारडी समतोल नसली तर दुकानदार एका बाजूला पासंग बांधतो. पारडी सारखी झाली म्हणजे तराजू खरा ठरला काय? नाही. वजने घासलेली असतील तर समतोल तराजूही खोटेच तोलेल. एका बफरवर केलेले प्रमाणीकरण म्हणजे फक्त पासंग काढणे. वजनाची, म्हणजे उताराची, परीक्षा दुसऱ्या बफरनेच होते. समजा जुन्या इलेक्ट्रोडचा उतार १० टक्क्यांनी घटला आहे आणि आपण ७ वर पेन जुळवले. ७ ला ते बिनचूक बोलेल. पण सामू ४ च्या द्रावणात ते ४.३ दाखवील आणि ९.५ च्या द्रावणात ९.२५. म्हणजे जिथे आपल्याला शंका असते अशा टोकांनाच ते सगळे काही ठीक असल्याचा निर्वाळा देईल. खराब पाणी जरा बरे दिसेल. ही चूक निरुपद्रवी नाही.

म्हणून निदान दोन बफर हवेत: ६.८६ आणि नमुन्याच्या अंदाजाप्रमाणे ४.०१ किंवा ९.१८. ज्या पाण्याचा सामू मोजायचा ते या दोहोंच्या मध्ये पडले पाहिजे. आपल्याकडची बहुतेक विहिरींची पाणी सातच्या वर असतात, तेव्हा ६.८६ आणि ९.१८ ही जोडी सोयीची. ज्या पेनाला एकच स्क्रू आहे त्यात उतार दुरुस्त करता येत नाही, पण तपासता येतो. दुसऱ्या बफरमध्ये किती फरक पडतो ते वहीत लिहून ठेवले, की पेनावर किती भरवसा ठेवायचा ते कळते. फरक फार असेल तर इलेक्ट्रोडचे आयुष्य संपले.

तापमानाबद्दलही पत्रके अर्धेच सांगतात. ‘तापमानाची आपोआप दुरुस्ती’ म्हणजे पेन उतार तापमानाप्रमाणे बदलते, एवढेच. बफरचा स्वतःचा सामूही तापमानाने बदलतो, तो पेनाला कळत असेलच असे नाही. बोरॅक्सचे ९.१८ चे द्रावण २५ अंशांना ९.१८ असते, ४० अंशांना ९.०७. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या प्रयोगशाळेत हा फरक ध्यानात घ्यावाच लागतो. ६.८६ चे द्रावण या बाबतीत शहाणे. ४० अंशांनाही ते ६.८४ वर टिकून असते.

तिसरा दोष: जपणुकीविषयी मौन

एका पत्रकात म्हटले आहे, ‘वापरानंतर स्वच्छ पुसून कोरडे ठेवावे’. टीडीएस-पेनासाठी हे बरोबर आहे. सामू-पेनासाठी ते जवळजवळ मारक आहे. दोन्ही पेने दिसायला भावंडे, पण स्वभाव वेगळे. टीडीएस-पेनात धातूच्या दोन खिळ्यांमधून वीज किती वाहते ते मोजले जाते. खिळे कोरडे राहिले तर उत्तमच. सामू-पेनाचा काचेचा फुगा मात्र ओलाव्यावर जगतो. त्याच्या पृष्ठावर पाण्याने फुगलेला अतिशय पातळ थर असतो आणि आयनांची देवघेव तिथेच होते. तो थर वाळला की पेन मंदावते, आकडा तरंगत राहतो.

ओले ठेवायचे म्हणून काहीजण टोपणात ऊर्ध्वपातित पाणी घालतात. तेही चूक. आत पोटॅशियम क्लोराइडचे दाट द्रावण असते. बाहेर शुद्ध पाणी ठेवले की आतले आयन हळूहळू बाहेर झिरपतात. टोपणात पोटॅशियम क्लोराइडचेच द्रावण हवे: १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात २२.४ ग्रॅम. ते नसेल तर ४.०१ चे बफर तात्पुरते चालते. पेन वाळलेच असेल तर याच द्रावणात रात्रभर बुडवून ठेवावे. पुष्कळदा ते पुन्हा बोलू लागते. फुगा धुवावा, फडक्याने घासू नये. टिपकागदाने पाणी टिपून घ्यावे. जड पाण्याचा पांढरा थर बसला तर पातळ व्हिनेगरमध्ये काही मिनिटे, तेलकटपणा आला तर सौम्य साबणाच्या पाण्यात धुवावे. मग पुन्हा पोटॅशियम क्लोराइडमध्ये काही तास ठेवून नव्याने प्रमाणीकरण. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी दोन्ही पेनांतल्या बटणसेल काढून ठेवाव्यात. जूनमध्ये पाझरलेल्या सेलांनी खाऊन टाकलेली पेने मी मोजली तर हाताची बोटे पुरणार नाहीत.

चौथा दोष: क्षार मोजल्याचा आव

टीडीएस-पेन क्षार मोजत नाही. ते विद्युतवाहकता मोजते आणि तिला एका गुणकाने गुणून मिलिग्रॅमचा आकडा दाखवते. हा गुणक पाण्यात कोणते क्षार आहेत त्यावर अवलंबून असतो. मिठाचे पाणी धरून बनवलेली पेने साधारण ०.५ वापरतात, सल्फेट, बायकार्बोनेट आणि क्लोराइड यांचे मिश्रण धरणारी सुमारे ०.७. आता एका विहिरीची वाहकता सेंटिमीटरला ८४० मायक्रोसीमेन्स आहे असे धरा. पहिले पेन सांगेल ४२०, दुसरे ५८८. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या २०१२ च्या मानकात क्षारांची स्वीकार्य मर्यादा लीटरला ५०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे एकाच पेल्यातले पाणी एका पेनात उत्तीर्ण आणि दुसऱ्यात नापास! दोन्ही पेने निर्दोष आहेत. चारपैकी फक्त एका पत्रकात गुणक दिलेला आढळला.

यावर उपाय शाळेतच आहे. प्रयोगशाळेच्या प्रतीचे, वाळवलेले मीठ ४.९१ ग्रॅम घेऊन एक लीटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा. त्यातले १०० मिलिलिटर घेऊन पुन्हा एक लीटर करा. या द्रावणात लीटरला ४९१ मिलिग्रॅम मीठ आहे आणि २५ अंशांना त्याची वाहकता १००० मायक्रोसीमेन्स असते. पेन त्यात बुडवा. ५०० च्या आसपास आकडा आला तर गुणक ०.५, सातशेच्या आसपास आला तर ०.७, आणि तिसरेच काही आले तर पेनाशी बोलायला हवे. द्रावण साधारण २५ अंशांवर असू द्या, कारण वाहकता दर अंशामागे सुमारे २ टक्क्यांनी वाढते. बुडवल्यावर पेन हलकेच टिचकी मारून हलवा. खिळ्यांमध्ये बुडबुडा अडकला तर आकडा पडतो.

पाचवा आणि सर्वांत मोठा दोष: तो रंगीत तक्ता

डबीच्या मागे एक तक्ता छापलेला असतो. ० ते ५० आदर्श पाणी, पुढे हिरव्याकडून पिवळ्याकडे, आणि ५०० च्या वर लाल. मला या सगळ्या पत्रकांतली सर्वांत आक्षेपार्ह गोष्ट हीच वाटते, कारण मुले नेमकी हीच वाचतात.

या तक्त्याला आधार काय? जागतिक आरोग्य संघटनेने एकूण क्षारांसाठी आरोग्यावर आधारित मर्यादा ठरवलेलीच नाही. तिचे म्हणणे चवीविषयी आहे: साधारण ६०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चवीला चांगले, १००० च्या वर ते नकोसे होऊ लागते, आणि फारच कमी क्षारांचे पाणीही अळणी लागते. अमेरिकेतला ५०० चा आकडा हा चव आणि रंगरूप यांच्यासाठीचा दुय्यम, बंधनकारक नसलेला आकडा आहे. आपल्या मानकातही दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत सवलत आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला क्षारांचा त्रास काय असतो हे कोणी सांगायला नको. तिथे हे पेन खरोखर कामाचे आहे. पण ५० च्या खालचे पाणी ‘आदर्श’ हे विक्रेत्याचे गणित आहे, रसायनशास्त्राचे नव्हे.

आणि तक्ता जे सांगत नाही ते तर याहून गंभीर आहे. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आढळते. मर्यादा १ मिलिग्रॅम, सवलतीत १.५. समजा एखाद्या पाण्यात सोडियम फ्लोराइडच्या रूपाने ३ मिलिग्रॅम फ्लोराइड मिसळले. टीडीएस-पेनाचा आकडा जेमतेम आठाने वाढेल. वर पाहिलेल्या २०० च्या चुकीत हे आठ म्हणजे पासंगालाही पुरत नाहीत. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम; तेही क्षारांच्या गर्दीत लपून जाते. आणि जुलाब, कावीळ, विषमज्वर यांचे जंतू? त्यांची तर पेनाला गंधवार्ताही नसते. पेन ‘आदर्श’ म्हणेल त्या पाण्यातही ते सुखाने नांदू शकतात. मानक मात्र १०० मिलिलिटरमध्ये एकही ई. कोलाय आढळू नये असे बजावते.

वर्गात एक साधा प्रयोग करून पाहा. ऊर्ध्वपातित पाण्याचे दोन पेले घ्या. एकात दोन चमचे साखर विरघळवा, दुसऱ्यात चिमूटभर मीठ. टीडीएस-पेन साखरेच्या पाण्यात जवळजवळ शून्य दाखवते, मिठाच्या पाण्यात एकदम उसळते. दोन चमचे पदार्थ ‘नाही’ आणि चिमूटभर ‘आहे’! पेन काय पाहते आणि कशाकडे पाहू शकत नाही, हे या प्रयोगानंतर मुलांना पुन्हा समजावून सांगावे लागत नाही. दारावर येणारा जलशुद्धी यंत्राचा विक्रेता पाण्यात विजेच्या कांड्या घालून ते तपकिरी करून दाखवतो, तेव्हा तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसून त्याच्या लोखंडी कांडीच्या झिजेचा आहे, हेही अशी मुलेच ओळखतील.

दोष केवळ पत्रकांचा नाही

इथवर वाचून पत्रके लिहिणाऱ्यांवर खापर फोडणे सोपे आहे. पण परीक्षण प्रामाणिक असेल तर ते आपल्यापर्यंत यायलाच हवे. आपल्या उपक्रम-पुस्तिकांत ‘पाण्याचा सामू मोजा व नोंदवा’ असे लिहिलेले असते. ‘आधी पेन तपासा व ती नोंद वर लिहा’ असे लिहिलेले मला क्वचितच दिसले. शाळेच्या खरेदीच्या यादीत पेन असते, बफरच्या पुड्या नसतात. तराजू घ्यायचा आणि वजने घ्यायची नाहीत, असा हा व्यवहार आहे. आणि आम्ही परीक्षक? तक्ता किती सुंदर, मुले किती धिटाईने बोलतात, हे पाहतो. ‘तुमचे पेन बरोबर आहे हे तुम्हांला कसे कळले?’ हा एक प्रश्न त्या दिवशी मी विचारला असता, तर फलकावरचा निष्कर्ष बदलला असता. मी तो विचारला नाही.

याला महत्त्व यासाठी आहे, की पाणी-तपासणी आता शाळेच्या भिंतीत राहिलेली नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाणी तपासण्याचे संच देण्याची आणि प्रत्येक गावात पाच महिलांना प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. या मुलींपैकीच कोणीतरी उद्या ते काम करणार आहे. ‘आकडा आला म्हणजे सत्य आले’ अशी सवय त्यांना शाळेतच लागली, तर ती पुढे गावाला महाग पडेल.

यावर एक आक्षेप मला अपेक्षित आहे. पस्तीस मिनिटांचा तास, साठ मुले, एक पेन. एवढे सोपस्कार कोण करणार? आक्षेप रास्त आहे. पण हिशेब करून पाहू. आठवड्यातून एकदा, पाणी मोजायच्या दिवशी, दोन बफरमध्ये पेन बुडवून आकडे लिहायला दहा मिनिटे लागतात. एक पुडी २५० मिलिलिटर पाण्यात विरघळते. रोज छोट्या पेलीत पंधरा-वीस मिलिलिटर काढून घ्यावे आणि वापरलेले द्रावण बाटलीत परत ओतू नये, हा एकच कडक नियम. बाटलीवर तारीख लिहावी, महिन्या-दीड महिन्याने नवे करावे, ९.१८ चे द्रावण घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवावे, कारण तेही हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते. आणि हे सगळे शिक्षकाने करायचे नाही. वर्गात फळा पुसणारा मॉनिटर असतो तसे दोन ‘पासंग-मॉनिटर’ नेमावेत. त्यांच्या हाती शंभर पानी वही द्यावी. तारीख, तापमान, कोणत्या बफरला पेनाने काय दाखवले, काय दुरुस्ती केली, सही. ज्या दिवशी ही नोंद नाही त्या दिवशीचे पाण्याचे वाचन तक्त्यात घ्यायचे नाही.

ही वही हळूहळू स्वतःच एक प्रयोग होते. चार महिन्यांची नोंद आलेखावर मांडली, की इलेक्ट्रोड कसा म्हातारा होत जातो ते दिसू लागते. उतार म्हणजे काय हे गणिताच्या तासापेक्षा तिथे चांगले कळते. पाण्याचा प्रकल्प बाजूला राहिला तरी एवढा अभ्यास वाया जाणार नाही.

आणि पेन बिनचूक असले, तरी फलकावर ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘अयोग्य’ असे शब्द लिहू नयेत. तो अधिकार दोन पेनांचा नाही. ‘सामू ७.५, मर्यादेत, जंतूंची तपासणी केलेली नाही’ असे लिहावे. हायड्रोजन सल्फाइडच्या बाटलीची तपासणी, ज्यात दूषित पाणी घातले की काळा रंग येतो, ती १९८२ साली भारतातच मांडली गेली आणि ती शाळेला झेपण्यासारखी आहे. तिचाही निकाल इशारा म्हणूनच घ्यावा. अंतिम शब्द प्रयोगशाळेचा.

त्या शाळेत मी पेन परत करायला गेलो तेव्हा सोबत बफरच्या तीन पुड्या नेल्या. सर मोकळेपणाने म्हणाले, ‘‘हे कुठे लिहिलेलेच नव्हते हो.’’ त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मुलींनी मात्र तोंडे पाडली नाहीत. त्यांनी पंधरा दिवसांचे सगळे आकडे तसेच ठेवले, त्यांच्याखाली १.४ च्या चुकीची हकीकत लिहिली आणि मोजणी पहिल्यापासून सुरू केली. फलकावरचा निष्कर्ष पुसून त्यांनी तिथे दुरुस्ती लिहिली, आणि हातपंप सोडलेल्या घरी स्वतः जाऊन ‘आमचे चुकले होते’ असे सांगून आल्या.

आमच्या गुणपत्रिकेत या कामासाठी रकाना नव्हता. यंदाच्या प्रदर्शनासाठी तो घालावा असे मी सुचवले आहे.